भुयारातील मसलती

छापील भुयार हाती आले म्हणजे डंजन मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, पहिला मोह होतो तो ते पहिल्या पायरीपासून शेवटच्या दालनापर्यंत क्रमाने खेळवण्याचा. आणि गॅरी गायगॅक्स व फ्रँक मेन्ट्झर यांचे १९८५ साली प्रसिद्ध झालेले ‘द टेम्पल ऑफ एलिमेंटल ईव्हिल’ हे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळातील अवाढव्य साहस उघडले की, दालनामागून दालन, प्रत्येकाला आकडा, प्रत्येकात कोणी राक्षस आणि काही ऐवज, अशी ती यादी वाचता वाचता हा मोह अनावर होतो. माझे मत याच्या अगदी उलट आहे. अशा ग्रंथातून दालने उचलू नयेत. उचलावीत ती तेथील रहिवाशांची आपसांतील वैरे, देणीघेणी आणि भये, कारण दालन एकदा धुंडाळले की संपते, वैर मात्र सबंध मोहिमेला पुरते.

त्या मंदिरात पृथ्वी, जल, अग्नी आणि वायू अशा चार भूतांचे चार पंथ नांदतात. कारभार म्हणावा तर एकच, पण प्रत्येकाचा डोळा दुसऱ्याच्या अधिकारावर. हे वाचताना नगरच्या माणसाला १५९५ साल आठवल्यावाचून कसे राहील? नगरचा सुलतान इब्राहिम निजामशहा विजापूरकरांशी लढताना पडला आणि वारस कोण यावरून दरबाराची शकले झाली: मियान मंजूने अहमद नावाच्या मुलाला गादीवर बसवले, इखलासखान आणि हबशी सरदार त्याच्यावर उठले, आहंगखानाने वृद्ध शहा अलीचा पक्ष धरला, आणि चांदबिबी मयत सुलतानाच्या बालपुत्राच्या, बहादूरच्या, हक्कासाठी किल्ल्यात उभी राहिली. मंजूने मोगल शाहजादा मुरादला मदतीस बोलावले आणि मागाहून त्याला पस्तावा झाला. पण तोवर मोगली फौज वेशीशी येऊन ठेपली होती.

चार पंथांच्या जागी मी हे चार पक्ष बसवले, पुजाऱ्यांच्या आज्ञांच्या जागी फर्माने आणि सनदा आणल्या, आणि मूळ साहसात हॉमलेट गावी राहून मंदिराला बातम्या पुरवणारे जे दोन व्यापारी आहेत त्यांना भिंगारच्या बाजारात दुकान थाटून दिले. आज लष्कराच्या ताब्यात असलेल्या ज्या किल्ल्याच्या खंदकाजवळून माझ्या खेळाडूंनी लहानपणी सायकली पिटाळल्या, त्याच किल्ल्यातील फितुरी त्यांना परक्या देशातील कोणत्याही राक्षसापेक्षा अधिक जिव्हारी लागते, हे मी टेबलावर पाहिले आहे.

मजल्यांना जोडणारे जिने मात्र मी टाकून दिले, कारण आमच्या किल्ल्याने त्याहून सरस वाट दिली. मुरादच्या लोकांनी तटाखाली पाच सुरुंग खणले; त्याच्याच छावणीतील ख्वाजा मुहम्मदखान शिराझी याने त्यांच्या जागा किल्ल्यात कळवल्या; आतल्यांनी उलट खणून दोन सुरुंगांतील दारू काढून घेतली, आणि तिसऱ्याचे काम चालू असतानाच तो उडाला, तट फुटला, व चांदबिबीने त्या खिंडारात उभे राहून ते रातोरात बुजवून घेतले. आमच्या खेळात हा प्रसंग आला तेव्हा सर्वांची नजर फाशांवर होती. बेलदारांच्या नाईकाची भूमिका घेतलेल्या मुलीने मात्र फासे बाजूला सारले आणि विचारले, “दादा, ह्या शिराझीला आपल्याकडून काय पाहिजे?” माझ्या वहीत प्रत्येक पात्राच्या नावापुढे तीन ओळी असतात: त्याला धाक कोणाचा, त्याचे येणे कोणाकडून, आणि कोणते गुपित तो जिवापाड जपतो. त्या तीन ओळींवर पुढचा सारा वेळ मसलतीत गेला. शिराझीला अभय द्यावे की ओलीस ठेवावे यावर दोन तट पडले, आणि दारूच्या थैल्या भुयारात तशाच राहिल्या. एवढ्यासाठीच मी हा खेळ मांडतो.

मूळ साहसाचा कळस मंदिराच्या विध्वंसात आहे. आमच्या मोहिमेचा पहिला खंड १५९६ च्या तहापाशी, वऱ्हाड देऊन किल्ला राखावा की नाही या वादापाशी, थांबला. पुढे १६०० साली, चांदबिबी मोगलांशी संधान बांधते आहे अशी आवई उठून तिच्याच लोकांनी तिला ठार केले आणि किल्ला पडला. दुसरा खंड तेथवर न्यायचा तर ती आवई कोणत्या पक्षाने, कोणाच्या तोंडून आणि कशाच्या आशेने उठवली याची तजवीज आधीच करावी लागेल. म्हणून सध्या त्या ग्रंथातील पंथांच्या परस्परवैराची पाने पुन्हा काढून बसलो आहे.