सलाईनने पोट भरत नाही

मंडळी, आपल्या बेळगाव भागात आजाऱ्याला बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सलाईन लावलंय न्हवं?" होय म्हटलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. जणू त्या बाटलीतून भात-आमटीच चाललीय! आज त्याबद्दलच लिहितो.

दोन वर्षांपूर्वी, रताळी काढायच्या दिवसांत, आमचे तात्या बांधावरून पडले. वय ७४, खुब्याचं हाड मोडलं. कंग्राळीहून बेळगाव ते किती लांब? तासाभरात दवाखान्यात दाखल. ऑपरेशनसाठी रात्रीपासून उपाशी ठेवलं आणि दुपारी कळलं, आज नाही, हृदयाचा रिपोर्ट यायचाय. दोन दिवसांनी परत तेच. तिसऱ्या खेपेला झालं, आणि चांगलं झालं, त्याबद्दल डॉक्टरांना हात जोडतो.

पण पुढं जेवणाचं ताट यायचं तसंच परत जायचं. पडण्याच्या गडबडीत कवळी शेतातच हरवलेली. गोळ्यांनी तोंड कडू झालेलं. ताट पायाकडच्या टेबलावर ठेवून जायचे, आडव्या माणसाचा हात तिथं पोचणार कसा? आत्ती घरून पेज आणायची. चार चमचे झाले की तात्या म्हणायचे, "पुरे गं, बाटली चाललीया की."

ताप, बीपी, साखर सगळं वेळच्या वेळी कागदावर चढत होतं. ताटात किती उरलं, हे मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं.

नवव्या दिवशी एक आहारतज्ज्ञ मुलगी आली. तिनं साधं विचारलं: आजारापूर्वी वजन किती होतं? गेल्या तीन-सहा महिन्यांत आपोआप उतरलं काय? किती दिवस अर्धपोटी आहेत? तात्यांना उभं करता येत नव्हतं, म्हणून टेपनं दंडाचा घेर मोजला. २२ सेंटीमीटर. साडेतेवीसच्या खाली गेला की वजन उंचीच्या मानानं कमी असणार असं धरतात, म्हणाली.

मग तिनं बाटलीचा हिशोब सांगितला. अर्धा लिटर, ५ टक्के ग्लुकोज, म्हणजे साखर २५ ग्रॅम. शंभरच्या आसपास कॅलरी, एका भाकरीएवढ्याही नाहीत. नुसत्या मिठाच्या सलाईनमध्ये तेवढ्याही नाहीत. प्रथिनं दोन्हीत शून्य. सलाईन पाण्यासाठी आणि औषधासाठी असतं, जेवणाच्या जागी नव्हे.

दुखण्यात शरीराची गरज वाढते. बाहेरून मिळालं नाही की ते आपलेच स्नायू मोडून खातं. मग जखम लवकर भरत नाही, पाठीला फोड येतात, खोकायलाही जोर उरत नाही आणि छातीत कफ साठतो. तात्यांची जखम ओली का राहतेय आणि वॉकर धरला की पाय का लटपटतायत, ते आम्हाला तेव्हा उमगलं.

हे काही आपल्याकडचंच नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की अन्न समोर असूनही रोगी उपाशी राहतात, कारण ते पोटात जातंय का हे बघायला कुणी नसतं. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात ५०० रुग्ण तपासले, तो अहवाल १९९४ साली छापून आला. त्यातले २०० जण दाखल होतानाच कुपोषित होते. कुपोषण म्हणजे हाडं दिसणारं पोर, एवढंच आपल्या डोळ्यांसमोर असतं. जाडजूड माणूसही आठवडाभर न खाता पडला तर त्यात मोडतो.

तिच्या सांगण्यावरून पेजेबरोबर अंडं, मुगाचं घट्ट कढण, दूध घातलेली नाचणीची आंबील, शेंगदाण्याचं कूट आणि गूळ सुरू केलं. दर दोन तासांनी थोडं थोडं, उशी देऊन बसवून. एकदम वाढवायचं नाही, हेही तिनं बजावलं. फार दिवसांच्या उपाशी पोटावर अचानक भडिमार केला तर रक्तातले क्षार बिघडून जिवावर बेतू शकतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच.

घरी आल्यावर गिरणीतल्या काट्यावर तात्यांना बसवलं. दिवाळीत त्याच काट्यावर ५८ भरले होते, आता ५१. म्हणजे बारा टक्के गेले. दहाच्या वर गेलं की धोका मोठा समजतात. काठी टेकत मारुतीच्या देवळापर्यंत जायला त्यांना चार महिने लागले.

म्हणून सांगतो, घरचं माणूस ॲडमिट झालं तर पहिल्याच दिवशी वजन करून घ्या. जमत नसेल तर दंड मोजा. उशाशी एक वही ठेवा आणि प्रत्येक ताटातलं किती खाल्लं ते लिहा: पाव, अर्धं, सगळं. ऑपरेशन पुढं ढकललं तर "आता खायला देऊ काय?" हे लगेच विचारा. दोन-तीन दिवस निम्म्याहून कमी जात असेल तर राऊंडला आलेल्या डॉक्टरांपुढं ती वही धरा आणि आहारतज्ज्ञ बोलवा म्हणा. आणि बघायला जाताना बिस्किटपुड्याऐवजी चार उकडलेली अंडी न्या. खाणाऱ्यातले नसतील तर घट्ट वरणाचा डबा न्या.