युद्धाच्या मधोमध

मॉस्कोत रशियन सेनापती कुतुझोव्हच्या नावाच्या रुंद रस्त्यावर एक गोल इमारत आहे. जिना चढून वर गेलं की आपण एका चौथऱ्यावर येतो आणि चहूबाजूंनी नेपोलियन आणि रशियाची बोरोदिनोची लढाई पेटलेली असते. ७ सप्टेंबर १८१२, दुपारी साडेबाराचा सुमार. सेम्योनोव्स्कोये नावाचं खेडं जळतंय, धुराच्या लोटांतून घोडदळ येतंय, आणि आपण त्या सगळ्याच्या मधोमध, हातात तिकीट आणि खांद्याला पर्स घेऊन उभे. फ्रांझ रूबोने हे गोल चित्र, हा पॅनोरमा, लढाईच्या शताब्दीसाठी, १९१२ साली पुरं केलं. लांबी ११५ मीटर, उंची १५. कॅनव्हासच्या पायथ्याशी खरी माती, खरी लाकडं, मोडकी गाडी असं काहीबाही मांडलेलं; माती कुठं संपली आणि रंग कुठं सुरू झाला, ते डोळ्यांना कळू नये अशा बेताने.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी तिथं गेले होते. जागच्या जागी फिरत चित्राचा सांधा शोधत राहिले. गोष्टीला सुरुवात असते, चौकटीला कडा असते. इथं दोन्ही नव्हतं. मग वाटलं, हे आपल्या देवळाच्या अगदी उलट आहे. देवळात देव मध्ये आणि आपण भोवती. इथं मध्ये आपण, आणि लढाई आपल्याला प्रदक्षिणा घालते. मरणारी माणसंसुद्धा आपल्याभोवतीच मरतात. बघणाऱ्याला इतका मान देणारं चित्र मी दुसरं पाहिलं नाही. त्या मानाने जरा ओशाळायलाही झालं.

ते ओशाळलेपण परवा नोएडात आठवलं.

दिल्ली मेट्रोच्या निळ्या मार्गावर ‘गोल्फ कोर्स’ नावाचं स्टेशन आहे. त्या गोल्फ कोर्सच्या हिरवळीत एक दगडी खांब आहे, असं इथं राहायला आल्यापासून ऐकत होते. सभासद असलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सकाळी आत नेलं. सप्टेंबर होता. सातच वाजले होते, तरी हवा ओल्या घोंगडीसारखी अंगाला चिकटत होती. गृहस्थ खेळायला निघून गेले. एका कॅडीला म्हणाले, “मॅडमना तो खांब दाखव.” पन्नाशीचा, काटक माणूस. खांद्यावरची बॅग सावरत पुढे चालू लागला.

खांबावरचा इंग्रजी मजकूर थोडक्यात इतकाच सांगतो: याच जागेजवळ ११ सप्टेंबर १८०३ रोजी दिल्लीची लढाई झाली, आणि लुई बुर्कियाँच्या हाताखालच्या मराठा फौजेचा जनरल लेकच्या इंग्रज सैन्याने पराभव केला. संपलं. आजूबाजूला कापलेलं गवत, दूरवर उंच इमारतींची रांग.

त्या दिवशीही असाच उकाडा होता. लेकची फौज अलीगड घेऊन दिल्लीवर निघालेली. पहाटेपासून अठरा मैल, म्हणजे चांगले नऊ कोस चालून, हिंडण नदीजवळ दमूनभागून तंबू ठोकायला लागली, तोच समोर मराठा सरदार शिंद्यांची पलटणं दिसली. जागा त्यांनी पक्की निवडली होती: दोन्ही बाजूंना दलदल, पुढे तोफा. समोरून धडकणं महागात पडलं असतं. म्हणून लेकने घोडदळाला माघार घेतल्याचं सोंग करायला लावलं. शत्रू पळतोय असं वाटून शिंद्यांचे शिपाई जयघोष करत मोर्चे सोडून उघड्यावर आले. तेवढ्यात घोडदळ दुभंगलं आणि मधून इंग्रजांचं पायदळ संगिनी रोखून पुढे आलं. संध्याकाळपर्यंत ६८ तोफा हातच्या गेल्या. तीन दिवसांनी बुर्कियाँ शरण आला, आणि १६ तारखेला लेक लाल किल्ल्यात आंधळ्या शाह आलम बादशहापुढे उभा राहिला.

ही नेपोलियनची लढाई नव्हती, तरी त्याची सावली तिच्यावर होती. युरोपात तो इंग्लंडवर उतरायची तयारी करत होता, आणि कलकत्त्यात गव्हर्नर जनरल वेलस्लीला यमुनेकाठी फ्रेंचांचं राज्य उभं राहतंय अशी धास्ती होती. धास्ती म्हणा, सबब म्हणा. शिंद्यांची कवायती फौज उभारली सॅव्हॉयच्या द बॉयनने, पुढे ती गेली पेरोंकडे, आणि ऐन वेळी पेरों नोकरी सोडून इंग्रजांच्या आसऱ्याला गेला. उरला बुर्कियाँ. हा गृहस्थ पूर्वी कलकत्त्यात आचारी होता, नंतर शोभेची दारू उडवायचा, असं म्हणतात. दिल्लीचं राखणं शेवटी त्याच्या हाती आलं. बारा दिवसांनी जालन्याजवळ असईला वेलस्लीच्या धाकट्या भावाने शिंदे-भोसल्यांना हरवलं. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच.

खांबापाशी उभी राहून मी स्वतःशीच हिशेब करत होते. पानिपत झालं १७६१ला, आणि दहा वर्षांत महादजी शिंद्यांनी दिल्ली परत घेतली. १८०३ला गेलेली दिल्ली परत आलीच नाही. तरी भाषेत पानिपत आहे. परीक्षेत होतं, निवडणुकीत होतं, पोराच्या लग्नाच्या बोलणीतही होतं. पटपडगंजचं मात्र काहीच झालं नाही. या लढाईचं ते दुसरं नाव, आणि आज ते ऐकून दिल्लीकरांना फक्त सोसायट्यांचे फ्लॅट आठवतात.

असं का, हे मला फार दिवस कळत नव्हतं. मोठा पराभव विसरायचा आणि पुढे भरून निघालेला उराशी धरायचा? पण पराभव लक्षात राहतो तो नकाशावर नाही, घरात. पानिपतावर पुण्या-साताऱ्याकडची, खानदेशातली माणसं गेली. वाड्यावाड्यांत बांगड्या फुटल्या, श्राद्धं घातली गेली, पत्रं आली, बखरी लिहिल्या गेल्या. इथं, या गवतावर, निशाण मराठ्यांचं, अंमलदार फ्रेंच, आणि रांगेत उभे राहिलेले पुष्कळसे शिपाई अवधचे, दोआबातले. त्यांच्यातले तीन हजार मेले किंवा जखमी झाले असा इंग्रजांचा अंदाज. पण महाराष्ट्रातल्या घरांत त्या रात्री चूल पेटली असणार. ज्या घरांत पेटली नाही, ती घरं दुसऱ्या भाषेत रडली. आणि लेकच्या बाजूनेही त्याच मुलखातले शिपाई होते. कदाचित एकाच गावाच्या दोन आळ्या.

मॉस्कोत पाहिलं तसलं लढाईचं चित्र त्या काळी लंडनला हवं असे. टिपूचं श्रीरंगपट्टण पडल्यावर वर्षभरात, १८०० साली, रॉबर्ट कर पोर्टरने तब्बल १२० फूट लांब चित्र तिथं मांडलं. हिंदुस्थान न पाहता काढलेलं. दिल्लीच्या या लढाईचा गोल पट कुणी रंगवायला घेतला तर काय करेल? लाल डगल्यातला शिपाई आणि त्याच्यावर संगीन उगारणारा समोरचा, दोघांना एकच चेहरा द्यावा लागेल. वेष बदलला की बाजू बदलली. आणि बघणाऱ्याला मधोमध उभं करून म्हणेल, हं, आता ठरव तुझं कोण.

मी पाठ खांबाला लावून जागच्या जागी फिरायचा प्रयत्न केला. जमेना. पाठीमागे दगड होताच. दिसलं ते अर्धंच: झाडं, एक पिवळा झेंडा, रुळांवरून जाणारी मेट्रो. मग निमूटपणे खांबाभोवती एक फेरी घातली. पॅनोरमाने दिलेला मान इथं कुणी देणार नव्हतं; मध्ये आपण नाही, हे पायांना आधी कळलं.

कॅडी सावलीत उभा राहून बघत होता.

“मन्नत माँगी?” त्याने विचारलं.

मी हसले. नाही म्हटलं.

“आप कहाँ की हैं?”

“महाराष्ट्र.”

“अच्छा. साहब लोग पढ़कर बताते हैं, यहाँ आपके लोग हारे थे.” आवाजात सांत्वन होतं, दारात आलेल्याला करावं तसं.

“और आप? गाँव कहाँ है?”

“गोंडा. अवध में.” त्याने पट्टा खांद्यावर चढवला. “पर हमारा यहाँ कुछ नहीं था, मैडम. हम तो बस काम पर आए हैं.”

आणि बॅग घेऊन तो उन्हात पुढे चालू लागला.