बाप्पाच्या मागोमाग चालणारं वीजघर

अनंत चतुर्दशी झाली की मुंबईतले मांडव सुटू लागतात, रस्त्यांवरच्या कमानी उतरतात आणि तुम्हा मंडळींना सहामाही परीक्षेची आठवण होते. पण दोस्तांनो, अंधेरीत मात्र बाप्पा अजून मुक्कामालाच असतात बरं का! आझादनगरचा 'अंधेरीचा राजा' अनंत चतुर्दशीला निघत नाही. त्यानंतर जी संकष्टी चतुर्थी येते, त्या दिवशी तो वेसाव्याच्या समुद्राकडे निघतो. हा उत्सव १९६६ सालचा. आजूबाजूच्या कारखान्यांत कामाला असलेल्या मंडळींनी तो सुरू केला.

आझादनगर ते वेसावे हे अंतर रिक्षाने गेलात तर काहीच नाही. मिरवणूक मात्र वळसे घेत रात्रभर चालते. गल्लीगल्लीतून आरतीची ताटं येतात, बाल्कन्यांतून फुलं पडतात, ढोल-ताशे थांबतात आणि पुन्हा सुरू होतात. जयप्रकाश रोडवर मान वर केलीत तर २०१४ साली सुरू झालेली मेट्रो धावताना दिसेल. तिला वीज डोक्यावरच्या तारेतून मिळते. खाली चालणाऱ्या दिव्यांना अशी तार कुठली? त्यांना आपला वीज कारखाना बरोबर घेऊनच चालावं लागतं.

तो कारखाना म्हणजे मागच्या टेंपोत धडधडणारा जनरेटर. सगळे राजाकडे बघत असतात तेव्हा तुम्ही एकदा त्याच्याकडे बघा. रात्रभर दिवे राहणार की मध्येच काळोख होणार, हे त्याच्या तब्येतीवर ठरतं. एवढ्या दाट गर्दीत एकदम अंधार होणं ही साधी गोष्ट नाही. लहान मुलं असतात, आजी-आजोबा असतात, रस्ता अरुंद असतो.

जनरेटरचा मोठा शत्रू म्हणजे त्याची स्वतःचीच उष्णता. डिझेल जाळून जी शक्ती मिळते, तिचा साधारण एक तृतीयांश भागच इंजिनाच्या कामी येतो. लहान इंजिनात त्याहूनही कमी. उरलेली सगळी उष्णता होते. ५०० वॅटचे दहा हॅलोजन लावले म्हणजे झाले ५००० वॅट. तेवढी वीज करताना इंजिन कमीत कमी १०,००० वॅट उष्णता बाहेर टाकतं. म्हणजे एका टेंपोत १००० वॅटच्या दहा इस्त्र्या रात्रभर चालू ठेवल्यासारखंच की! (आता एलईडीचे दिवे आले, त्यामुळे तेवढ्याच उजेडाला वीज पुष्कळ कमी लागते आणि जनरेटरही निवांत राहतो. हॅलोजनच्या पिवळ्या उजेडाची मजा त्यात नाही, हे मात्र खरं.)

ही उष्णता बाहेर कशी जाते? थोडी धुराबरोबर सायलेन्सरमधून जाते. बरीचशी इंजिनाभोवती फिरणारं पाणी उचलतं आणि रेडिएटरमध्ये आणून सोडतं. तिथे पंखा हवा फेकून ते पाणी गार करतो. पाण्याचं तापमान ८० ते ९० अंशांच्या आसपास राहिलं की इंजिन खूश. सगळी भिस्त हवेवर! एका बाजूने गार हवा आत आली पाहिजे आणि दुसऱ्या बाजूने गरम हवा पार निघून गेली पाहिजे.

तुम्ही म्हणाल, टेंपो तर चालतोच आहे, मग वारा लागतच असेल. इथेच तर गंमत आहे. मिरवणुकीचा टेंपो आपल्यापेक्षाही हळू चालतो आणि निम्मा वेळ उभाच असतो. वारा लागणार कुठून? उलट टेंपोचं स्वतःचं इंजिन गरम, पुढच्या ट्रकचा धूर गरम, चारी बाजूंना माणसं, आणि वरून भाद्रपदातला उकाडा.

त्यात आपली हौस! टेंपो छान दिसावा म्हणून त्याला झालर लावतात, बाजूला फ्लेक्स बांधतात, पाऊस येईल म्हणून वरून ताडपत्री ओढतात. झाली पंचाईत. बाहेर पडलेली गरम हवा कापडाला आपटून परत आत येते आणि पंखा तीच तीच हवा फिरवत बसतो. तोंडावरून पांघरूण घेऊन झोपल्यावर कसं गुदमरायला होतं, तसंच. म्हणून जाणता जनरेटरवाला आधी जाळ्या मोकळ्या आहेत ना ते बघतो आणि मग झालरीला हात लावू देतो. ताडपत्री लावायचीच झाली तर वर उंच, बाजू उघड्या ठेवून.

दुसरा त्रास गुलालाचा. गुलाल, झेंडूच्या पाकळ्या आणि ते चकाकणारे कागदाचे तुकडे पंख्याच्या ओढीने सरळ जाळीवर येऊन चिकटतात. तासा-दोन तासांनी हातात ब्रश घेऊन जाळी साफ करणारा माणूस दिसला तर समजा, तो दिवे वाचवतो आहे.

जनरेटरचं तोंड कुठे करायचं, हासुद्धा विचाराचा भाग आहे. गरम हवा सोडणारी बाजू टेंपोच्या पुढे केली तर समोरचा वारा तिला मागे ढकलतो. ती मागे केली की हवा सहज निघते. संध्याकाळी वेसाव्याच्या दिशेने जाताना समुद्राचा वारा समोरूनच येतो, तेव्हा हे फार सोयीचं. पण मागे तर माणसं चालत असतात, त्यांच्या तोंडावर भट्टीसारखा झोत! मग पत्रा वाकवून झोत आकाशाकडे वळवतात. धुराचं नळकांडंही उंच हवं. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो जिवावर बेतू शकतो. पाय दुखले म्हणून जनरेटरच्या टेंपोत चढून बसायचं नाही, ते यासाठी.

चालत्या गाडीत जनरेटर ही काही अंधेरीचीच नवलाई नाही. बोरिवली स्टेशनवर राजधानी एक्स्प्रेस आली की तिचा टोकाचा डबा पाहा. खिडक्यांऐवजी मोठमोठ्या जाळ्या! ती पॉवर कार. पूर्वी तिच्यातली डिझेल इंजिनं सगळ्या गाडीचे दिवे आणि एसी चालवत. आता बऱ्याच गाड्यांना वीज पुढच्या विजेच्या इंजिनाकडूनच मिळते आणि पॉवर कार अडीनडीला असते. अमेरिकेत तर लोक मोटारहोम नावाचं अख्खं घर चाकांवर घेऊन वाळवंटातून फिरतात. त्याच्या पोटातल्या जनरेटरला तापल्या डांबरावरची हवा मिळते. तिथेही जाळी साफ, वाट मोकळी आणि लोड कमी, हाच इलाज.

आणि तरीही जनरेटर तापलाच तर? आधी थोडे दिवे बंद करून लोड कमी करायचा. काटा उतरला नाही तर इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण मात्र लगेच उघडायचं नाही. आत दाबाखाली पाणी असतं, प्रेशर कुकरसारखं. झाकण फिरवलं की ते उकळून वाफेसकट अंगावर येतं. तापलेल्या इंजिनावर गार पाण्याची बादलीही ओतत नाहीत, धातूला तडा जाऊ शकतो. थांबायचं, बस्स. टाकीत इंधनही गार झाल्यावरच भरायचं. अनुभवी मंडळी म्हणूनच दुसरा जनरेटर तयार ठेवतात.

वेसाव्याला पोचेपर्यंत पहाट उलटून गेलेली असते. कोळीवाड्यातली माणसं होड्या घेऊन सज्ज असतात. विसर्जन होतं, दिवे मालवतात, पण टेंपोतली धडधड चालूच राहते. जनरेटरवाला विसरला की काय, असं वाटेल तुम्हाला. तो विसरलेला नसतो. रात्रभर राबलेलं इंजिन एकदम बंद केलं तर पाणीही फिरायचं थांबतं आणि आतली उष्णता आतच कोंडते. म्हणून लोड काढून ते चार-पाच मिनिटं रिकामंच चालवायचं. काटा खाली आला की मग तो चावी फिरवतो.