पुढच्यास ठेच

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. रायपूरच्या सदर बाजारात धनत्रयोदशीच्या संध्याकाळी असा शहाणा शोधून दाखवावा. एक ई-रिक्षा सराफाच्या दुकानापाशी थबकते, मागचा स्कूटीवाला जरा जास्तच करकचून ब्रेक दाबतो, त्याच्यामागची मोटार थांबतेच. रिक्षा केव्हाच निघून गेलेली असते; तिची ठेच मात्र गर्दीतून मागे मागे सरकत राहते.

लाइटहिल आणि व्हिदम या गणितज्ञांनी 1955 साली रहदारीला प्रवाह मानून समीकरण मांडलं. दाटी वाढली की वेग घटतो, एवढंच गृहीत. समीकरण मात्र अरेषीय, अपास्तीय: बदल त्यात लाटेसारखा सरकतो. मागून वेगाने येणारे पुढच्या संथांना गाठतात, दाटीचा चढ उभा होत होत भिंत बनतो. हाच आघात तरंग. या गणितातला चालक तत्क्षणी सावरतो, म्हणून भिंत हेलकावत नाही. पुढे व्हिदमने त्याला दोन मानवी सवयी दिल्या. लांबवर बघण्याने भिंतीची धार बोथट होते. सावरायला लागणाऱ्या उशिराने लाटा उठतात. उशीर वरचढ ठरला, की थांबा-चला, थांबा-चला.

म्हणजे मागचा शहाणा होतो, पण उशिरा? एवढ्यावर म्हण वाचली असती. पण 2008 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जपानी संशोधकांनी 230 मीटर परिघाच्या वर्तुळावर 22 गाड्या फिरवल्या. अडथळा काहीच नव्हता. तरी कोंडी झाली आणि ताशी सुमारे 20 किलोमीटर वेगाने उलटी फिरू लागली. वर्तुळात पुढचा कोण?

तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी ही म्हण फक्त धाकट्यांना ऐकवत. दादाचा वाटा नुसता ठेचेचा. धंद्यात त्याचे पैसे बुडाले. ते बघून मी नोकरी धरली, जन्मात कर्ज काढलं नाही. माझा मुलगा तर घराच्या हप्त्यालाही भितो. दादा सावरून, चार पैसे कमावून, मजेत आहे. ठेच त्याला लागली आणि लंगडतो आम्ही, असं मी इतकी वर्षं समजत आलो.

गणितज्ञ लॅक्सने 1957 साली आघात तरंगांना घातलेली अट याहून निर्दय आहे: दोन्ही बाजूंची माहिती आघातात शिरते, बाहेर काहीच येत नाही. कोंडी बघून तिचा उगम सांगता येत नाही. वेगवेगळ्या सुरुवातींतून तीच भिंत उभी राहते. मग दादापासून मोजायचं कशावरून? आजोबाही कर्जाला भ्यायचे म्हणे, आणि दादाने धंदा काढला तो त्यांच्याच हट्टाविरुद्ध. कदाचित मी दादाकडे बघून सावध झालोच नसेन.