नातीचे गुण

आमची नात अमेरिकेत, न्यू जर्सीस असते. महाविद्यालयांकडे अर्ज करण्याचे दिवस आले, तेव्हा एका रात्री तिचा फोन आला. "आजोबा, एका परीक्षेचे गुण कळविले नाहीत तर तो खोटेपणा होतो का हो?"

आम्ही बेळगावकडचे जुन्या वळणाचे. पुढचेमागचे न विचारता "होतो" म्हणून मोकळे झालो. पलीकडे पोर गप्प झाली.

मग चौकशी केली. 'एसएटी' ही परीक्षा तिकडे १९२६ पासून चालते. हल्ली वाचन-लेखनाचे ८०० व गणिताचे ८०० मिळून १६०० गुण असतात. ती पुन्हापुन्हा देता येते, आणि कोणत्या खेपेचे गुण धाडावयाचे ते विद्यार्थ्याने ठरवावे, अशी मुभा परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने २००९ पासून दिली आहे. ज्याला आम्ही खोटेपणा म्हटले, त्याला तेथे उघड परवानगी! मात्र जॉर्जटाऊन हे जेझुइटांचे विद्यापीठ सगळ्या खेपांचे गुण मागते. कॅलिफोर्निया विद्यापीठ तर प्रवेश देताना हे गुण पाहतच नाही. जितकी दारे तितक्या रीती.

पोरीचे दुखणे होते मार्चच्या खेपेचे. त्या आठवड्यात तिची आई इस्पितळात होती. वाचन-लेखनात ६१० पडले, एकूण १३५०. ऑगस्टमध्ये १४०० झाले. साहजिकच मार्च तिला नकोसा झाला होता. आम्ही कागद घेऊन आकडे मांडले, तो काय! मार्चचे गणित ७४०, ऑगस्टचे अवघे ६८०. वाचन-लेखन मात्र ऑगस्टचे ७२०. पुष्कळ महाविद्यालये प्रत्येक भागातील उत्तम तेवढे घेऊन बेरीज करतात. ती होते १४६०. पण एका खेपेचा अर्धा भाग पाठविता येत नाही. म्हणजे ७४० पोहोचवायचे, तर त्यांच्यासोबत ते ६१० ही जाणारच.

त्या रात्री आम्हांस आमचे १९६४ सालचे प्रगतिपुस्तक आठवले. ते आम्ही भाताच्या कणगीत खोल पुरून ठेविले होते. आईला ते सापडले. तिने भुसा झटकून ते मुकाट्याने बाबांच्या चष्म्यापाशी ठेविले.

दुसऱ्या दिवशी आम्हीच फोन केला. "पोरी, काल आमचे चुकले. तुझा प्रश्न पुरता ऐकलाच नाही." मग बेरीज सांगितली, आणि कणगीही.

"दोन्ही खेपा पाठविते, आजोबा. जॉर्जटाऊनला तर पाठवाव्याच लागणार," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तुम्हांला किती पडले होते हो?"

"गणितात बावीस."

"शंभरापैकी?"

"होय, शंभरापैकी."