रिमोट कुणाच्या हाती

“अरे, हा चालताना अडखळतोय का?” आजींनी टीव्हीकडे बोट दाखवत विचारलं. पडद्यावर नाटक चालू होतं. नट डाव्या विंगेतून निघून उजवीकडच्या खुर्चीपर्यंत चालत येत होता. सदाशिव पेठेतल्या त्या घरी टीव्हीला छोटा संगणक जोडून मी नुकताच उठलो होतो आणि मला सगळं ठीक दिसत होतं. पण आजींनी भरत नाट्य मंदिरात वर्षानुवर्षं नाटकं पाहिलेली. रंगमंचावर माणूस कसा चालतो हे त्यांच्या डोळ्यांत मुरलेलं होतं. मी तो प्रवेश पुन्हा लावला. नट खरंच अडखळत होता.

कारण साध्या भागाकारात होतं. त्या नाटकाचं चित्रीकरण सेकंदाला २५ फ्रेमचं. आपल्याकडे टीव्हीचं जुनं माप तेच. मी मात्र संगणक सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवेल असा लावून ठेवला होता. ६० ला २५ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम दोनदा दिसते, तर एखादी तीनदा. सिनेमाच्या २४ फ्रेमचंही तेच: एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंद टिकते, पुढची ५०. पात्रं बसून बोलत असतील तर हे कळत नाही. कॅमेरा डोंगररांगेवरून सावकाश फिरू लागला, किंवा शेवटची नामावली वर सरकू लागली, की घासात खडा यावा तसं होतं.

मी आकडा ५० वर नेला. आता प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा. नट विंगेतून निघाला आणि खुर्चीपर्यंत सरळ चालत आला. आजी काही बोलल्या नाहीत, नाटक बघत राहिल्या.

पण उद्या त्यांनी सिनेमा लावला तर? तेव्हा २४ हवेत, आणि सेटिंगमध्ये जाऊन आकडा बदलणं हे काही प्रेक्षकाचं काम नव्हे. तेव्हापासून घरच्या थिएटरसाठी ऑपरेटिंग सिस्टिम निवडताना माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: फाइलचा वेग ओळखून ही टीव्हीचा रिफ्रेश रेट आपणहून बदलेल का?

कोडी हे काम चोख करतं. २००२ मध्ये एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी हौशी मंडळींनी लिहिलेला हा प्लेअर २०१४ पासून या नावाने ओळखला जातो. रिफ्रेश रेट बदलण्याची सोय त्यात मुळात बंद असते, ती आठवणीने चालू करायची. कोडी विंडोजवर चालतं, लिनक्सवर चालतं, अँड्रॉइडवरही चालतं. मग त्याच्याखाली काय घालायचं?

मी आजींकडे लिब्रइलेक घातलं, तेही रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर. लिब्रइलेक म्हणजे कोडी उभं राहण्यापुरतंच लिनक्स. २०१६ मध्ये ते ओपनइलेक या तशाच सिस्टिमपासून वेगळं झालं. त्याचा मला सर्वांत भावलेला गुण म्हणजे सिस्टिमच्या मूळ फाइली एका दाबलेल्या प्रतीत असतात आणि ती फक्त वाचली जाते, तिच्यावर लिहिलं जात नाही. आजी झोपण्यापूर्वी भिंतीवरचं बटण बंद करतात. आधी मेनूत जाऊन शटडाउन करा, असं मी त्यांना कधीच सांगितलं नाही. आपल्याकडे वीजही सांगून जात नाही. अचानक वीज गेली तर साठवलेल्या भागाला धोका राहतोच, पण मूळ सिस्टिम शाबूत राहण्याची शक्यता पुष्कळ वाढते. शिवाय पायला एचडीएमआयच्या तारेतून टीव्हीच्या रिमोटची बटणं कळतात. बहुतेक संगणकांच्या एचडीएमआयला ही सोय नसते. त्यामुळे आजींच्या हातात एकच रिमोट राहिला, रोजचाच.

ज्यांना मी अशा पेट्या जुळवून देतो ती गिऱ्हाइकं मात्र हमखास विचारतात, “यावर नेटफ्लिक्स फोरके चालेल ना?” तिथे मी सरळ नाही म्हणतो. पैसे घेऊन चित्रपट दाखवणाऱ्या सेवा कुलूप लावूनच चित्र पाठवतात. गूगलच्या वाइडवाइन या कुलपाच्या पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर उलगडण्याचं काम प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यात होतं, खालच्या पायरीवर ते नुसतं सॉफ्टवेअर करतं. घरी जुळवलेल्या लिनक्स पेटीच्या वाट्याला खालची पायरी येते आणि तिथे फोरके मिळत नाही. विंडोजवर ठरावीक हार्डवेअर आणि ठरावीक ब्राउझर असेल तर मिळतं. पण तेवढ्यासाठी सोफ्यावर कीबोर्ड-माउस आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या सेवा टीव्हीच्याच अ‍ॅपमध्ये किंवा अधिकृत मान्यता असलेल्या स्टिकवर पाहाव्यात. आपल्या कपाटातल्या डीव्हीडींच्या प्रती, लग्नाच्या कॅसेटी, जमवलेली नाटकं यांच्यासाठी पेटी वेगळी ठेवावी.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल संपली. विंडोज ११ चालणार नाही म्हणून कितीतरी धडधाकट संगणक माळ्यावर चालले आहेत. त्यातल्या इंटेलच्या यंत्रांवर पेनड्राइव्हवरून लिब्रइलेक घालता येतं. आधीचा डेटा काढून घ्या, कारण डिस्क पूर्ण पुसली जाते. आणि पेटी जोडण्याआधी तुमचा टीव्ही २४, ५० आणि ६० हे तिन्ही आकडे घेतो ना, एवढं पाहून ठेवा.