साधेपणाचा धडा आम्हालाच का?

गेल्या महिन्यात मी आणि माझा नवरा नऊ दिवस लंडनला फिरून आलो. कामासाठी नाही, परिषदेसाठी नाही, कुणी बोलावलं होतं म्हणूनही नाही. लग्नाला दहा वर्षं झाली, एवढंच निमित्त. जाता-येता विमानाचं तिकीट प्रीमियम इकॉनॉमीचं काढलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हा बिझनेस क्लास नव्हे. झोपायला पलंग मिळत नाही. साध्या सीटपेक्षा गुडघ्यापुढे पाच-सात इंच जागा जास्त, पाय टेकायला पट्टी, चेक-इनला वेगळी रांग आणि जेवायला प्लास्टिकऐवजी स्टीलचा काटा-चमचा. यासाठी दोघांचे मिळून साध्या तिकिटापेक्षा एक लाख दहा हजार रुपये जास्त मोजले. तीन वर्षांची आरडी मोडली.

ही बातमी कल्याण पूर्वेतल्या आमच्या विहारात पोचली आणि ठाण्याला मी काम करते तिथेही पोचली. विहारातले एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "ताई, तेवढ्या पैशात अभ्यासिकेचं वर्षभराचं भाडं निघालं असतं." कामाच्या निमित्ताने ओळख असलेले एक सवर्ण गृहस्थ हसत म्हणाले, "वा, आता तर तुम्ही आमच्याही पुढे! मग सवलती कशाला हव्यात?" एक माणूस आपला, एक परका. एकाचा हेतू चांगला, दुसऱ्याचा काय ते तुम्हीच ठरवा. पण दोघांनी मागितलं ते एकच. आमच्या सुखाचा हिशेब चारचौघांत द्यायचा. डोंबिवलीतली दुसरी कुठली जोडी युरोपला जाऊन आली की लोक फोटो मागतात. आमच्याकडे पावती मागतात.

मी पाठदुखीचं कारण सांगून मोकळी होऊ शकले असते. कारण खरंही आहे. नवऱ्याने पंधरा वर्षं कल्याण ते सीएसएमटी उभ्याने प्रवास केला. मणक्यातली गादी सरकली आहे, एमआरआयची फिल्म कपाटात आहे. नऊ-दहा तास गुडघे दुमडून बसणं त्याला झेपणारं नव्हतं. पण हे कारण मला पुढे करायचं नाही. आरामात बसायला आपल्याला डॉक्टरची चिठ्ठी लागावी, हेच मला मान्य नाही.

प्रवास आणि पैसा यांची गोष्ट काढली की मला १९०१ सालचं मसूर स्टेशन आठवतं. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिलेला हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी वाचला असेल, पण त्यातल्या भाड्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. सुभेदार रामजी तेव्हा कोरेगावला नोकरीवर होते. त्यांना भेटायला साताऱ्याहून निघालेला छोटा भीम भाऊ-भाचरांसोबत मसूरला उतरला. अंगावर नवे चांगले कपडे, खिशात पैसे. कपड्यांवरून ही मुलं कुणा बड्या घरची वाटली. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी तोड निघाली ती अशी, की मुलांनी दुप्पट भाडं द्यायचं, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार.

दुप्पट भाडं आणि गाडी स्वतः हाकायची! आजच्या भाषेत हे प्रीमियम तिकीटच झालं, फक्त उलटं. जास्त पैसे देऊन कमी सेवा. प्यायला पाणीही मिळालं नाही ते वेगळंच. पुढे १९२९ साली चाळीसगावला तेच झालं. तोवर ते कोलंबियाचे आणि लंडनचे पदवीधर, बॅरिस्टर, सरकारी समितीचे सदस्य होते. टांगेवाल्यांनी महाराचा टांगा हाकायला नकार दिला. म्हणून टांगा आपल्या माणसांनी आणला, पण हाकणाऱ्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकून टांगा उलटला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि पाय मोडला. टांगेवाल्याच्या दिवसभराच्या कमाईपेक्षा बॅरिस्टरची कमाई कितीतरी जास्त असणार. तिचा तिथे उपयोग शून्य.

म्हणूनच 'पैसा आला की जात जाते' हे वाक्य मी ऐकून घेत नाही. आमच्या शेजारच्या सीटवर ठाण्याचेच एक काका होते, मुलाकडे निघालेले. छान गप्पा झाल्या, कुठल्या शाळेत होता, गाव कुठलं. मग आडनाव विचारलं. सांगितलं. काकांनी स्क्रीनवर सिनेमा लावला तो थेट हीथ्रोपर्यंत. सीट तीच, जेवण तेच, तिकिटाची किंमतही साधारण तीच. ज्या गृहस्थांनी मला सवलतींबद्दल विचारलं त्यांना माझं उत्तर एवढंच आहे. राखीव जागा गुडघ्यापुढच्या इंचांसाठी दिलेल्या नाहीत. आडनाव ऐकल्यावर लागणाऱ्या त्या सिनेमासाठी दिल्या आहेत.

आता आपल्या माणसांच्या प्रश्नाकडे येते, कारण तो जास्त अवघड आहे.

चळवळीतल्या माणसाने साधं राहावं, ही अपेक्षा आपल्यात आली कुठून? मला वाटतं ती बरीचशी गांधींकडून उसनी आली आहे. ७ जून १८९३ ला पीटरमॅरिट्झबर्गला गांधींना गाडीतून उतरवलं तेव्हा त्यांच्याकडे पहिल्या वर्गाचं तिकीट होतं. पुढे भारतात ते तिसऱ्या वर्गाने फिरू लागले आणि त्याचं कौतुक झालं. त्यांनी तिसऱ्या वर्गाच्या हालांवर लिहिलं, ते चांगलंच केलं. पण ज्याला पहिला वर्ग घेता येतो त्यालाच तिसरा वर्ग 'निवडता' येतो. माझी आई दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीला जायची तेव्हा जनरलच्या डब्यात संडासाच्या दाराजवळ पेपर टाकून बसायची. तिला कुणी साधेपणाचं प्रतीक म्हटलं नाही. तिकीट तपासनीसाने मात्र दोनदा हटकलं.

बाबासाहेबांनी सूट घातला, बूट घातले, पुस्तकांवर पैसे खर्च केले आणि त्यांच्यासाठी 'राजगृह' बांधलं. लंडनमध्ये विद्यार्थी असताना ते अर्धपोटी राहिले हे खरं. पण अर्धपोटी राहण्याचं त्यांनी कधी तत्त्वज्ञान केलं नाही. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात त्यांनी बुद्ध आणि त्याच्या धम्माच्या भवितव्यावर लेख लिहिला. धर्माने दारिद्र्याला पवित्र ठरवता कामा नये, ही त्यांनी त्यात धर्माची एक कसोटीच सांगितली आहे. मग आपणच विहारात बसून त्याला पवित्र का ठरवायचं?

"मग समाजाचं देणं?" हा प्रश्न येणारच, आणि आग्र्याच्या १८ मार्च १९५६ च्या भाषणाचा दाखलाही येणार. शिकलेल्यांनी मला धोका दिला, ही बाबासाहेबांची व्यथा मी नाकारत नाही. ती आपल्या सगळ्यांच्या उरावर आहे. पण त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात त्यांनी आकडाही सांगितला होता. धम्माच्या कामासाठी प्रत्येकाने उत्पन्नाचा विसावा हिस्सा द्यावा. विसावा, म्हणजे शंभरातले पाच. दहा हजार कमावणाऱ्याने पाचशे, लाख कमावणाऱ्याने पाच हजार. आम्ही दोघं लग्नापासून तो देतो. हे मिरवण्यासाठी सांगत नाही, हिशेब मागितला म्हणून सांगते. विसाव्या हिश्शाबद्दल मला कुणीही, कधीही जाब विचारावा. उरलेल्या एकोणीस हिश्शांवर मात्र आमच्या घराचा हक्क आहे. त्यात भाडं आहे, मुलीची फी आहे, सासऱ्यांची औषधं आहेत आणि हो, गुडघ्यापुढची जागाही आहे.

खरं तर अभ्यासिकेचं भाडं थकलं असेल तर विहाराच्या सभासदांपैकी विसावा हिस्सा किती जण देतात, हे विचारायला हवं. एकाच्या चैनीतून वर्षभराचं भाडं काढण्यापेक्षा शंभर घरांनी दर महिन्याला थोडं थोडं देणं जास्त टिकाऊ आहे. त्यागी कार्यकर्ता दमला की संस्थाही दमते, हे समाजकार्याच्या क्षेत्रात मी पुरेसं पाहिलं आहे.

त्रिपिटकातही गृहस्थाला भिक्खूची मोजपट्टी लावलेली नाही. सिगालोवाद सुत्तात कमाईचे चार वाटे सांगितले आहेत. एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यात आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखं सांगितली तेव्हा त्यात भोगसुख आहे. स्वतःच्या कष्टाचं, सचोटीने मिळवलेलं धन वापरण्याचं सुख. पण त्याच यादीत अनणसुखही आहे, कुणाचं देणं नसण्याचं सुख. इथे मी तरुण मित्रांशी थोडी भांडणार आहे. आमच्याकडची दोन मुलं परदेश फिरून आली ती ट्रॅव्हल लोन काढून. फोटो चार दिवसांचे, ईएमआय चोवीस महिन्यांचे. आपल्या आज्यांनी सावकाराचं देणं फेडता फेडता जन्म काढला. तोच सावकार आता मोबाइलच्या अ‍ॅपमधून दोन मिनिटांत कर्ज मंजूर करतो. आरडी मोडून जमत नसेल तर साध्या सीटवर जा, कडेची जागा घ्या, दर दोन तासांनी उठून चाला. तेही जमत नसेल तर माळशेजला जा. कर्ज काढून मात्र जाऊ नका.

लंडनला आम्ही एक दिवस किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरी गेलो. चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येतं. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये इथे राहिले, तशी पाटी दारावर आहे. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. बाकीचे आठ दिवस आम्ही निव्वळ भटकलो. बागेत लोळलो, समुद्र पाहिला, पावसात भिजलो. आपल्या माणसांचा लांबचा प्रवास नेहमी कशासाठी तरी असतो. चैत्यभूमीसाठी, दीक्षाभूमीसाठी, बुद्धगयेसाठी, शिक्षणासाठी, नोकरीसाठी. कारणाशिवाय फिरणं आपल्याला माहीतच नाही. त्यातही बाईला तर नाहीच.

त्या घरासमोर उभी असताना मला रमाई आठवली. बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला निघाले तेव्हा यशवंत वर्षाचाही झाला नव्हता. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. दोन्ही वेळा रमाई मुंबईत मागे राहिली आणि घर ओढत राहिली. २७ मे १९३५ ला ती गेली. जी पाटी मी बघत होते ते घर तिने कधी पाहिलं नाही. नंतर माईसाहेब बाबासाहेबांसोबत कोलंबोला, रंगूनला, काठमांडूला गेल्या, याचा मला आनंदच आहे. नवरा-बायकोने बरोबर प्रवास करणं ही आपल्याकडे फार उशिरा आलेली गोष्ट आहे. माझे वडील आईला घेऊन कल्याणच्या पुढे गेले ते फक्त लग्नकार्याला आणि मयतीला. त्यामुळे "नवऱ्याबरोबर फिरायला गेलीस?" या प्रश्नातला 'नवऱ्याबरोबर' हा शब्द मला 'प्रीमियम'पेक्षा महाग वाटतो.

एक गोष्ट मात्र मला खटकली. विमान वर गेलं की आमच्या आणि मागच्या सीटांच्या मधला पडदा ओढला गेला. मागे एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन सगळा वेळ उभ्याने फेऱ्या मारत होती. पडद्याअलीकडे यायचं नव्हतं. गुडघ्यापुढची जी जागा मी विकत घेतली ती आकाशातून आलेली नाही. विमानाची लांबी ठरलेली असते. पुढच्यांना सात इंच जास्त द्यायचे तर मागे तेवढ्या सीट कमी बसतात, नाहीतर जास्त दाटीने बसतात.

आणि हे कळायला विमानात बसायची गरज नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये कळव्याला आणि बदलापूरला प्रवासी रुळावर उतरले, ते याचसाठी. एसी लोकल सुरू केल्या म्हणून त्यांचा राग नव्हता. साध्या लोकल काढून त्यांच्या जागी एसी आणल्या, म्हणून होता. महागड्या पासवाल्यांना थंड हवा मिळाली आणि बाकीचे पुढच्या गाडीच्या दाराला लटकले. आंदोलनानंतर मध्य रेल्वेला दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलच्या दारातून माणसं पडून मेली, तो दिवस आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका ताईंचा मुलगा त्या दिवशी मागच्या गाडीत होता.

प्रीमियमबद्दल भांडायचं तर इथे भांडायला हवं. दुसऱ्याची साधी सीट काढून घेऊन पुढची सीट बनते का, हा खरा प्रश्न आहे. आणि याला दुसरा रस्ता नाही असंही नाही. १९७४ साली रेल्वेने तिसरा वर्ग बंद केला, म्हणजे पाटी बदलून त्याला दुसरा वर्ग म्हटलं. फळ्या लाकडाच्याच राहिल्या. मग १९७७ मध्ये राजापूरचे खासदार मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंचाचा फोम आला. त्याच वर्षी २६ डिसेंबरला हावड्याहून मुंबईला गीतांजली एक्सप्रेस सुटली. सगळे डबे एकाच वर्गाचे, पहिला वर्ग नाहीच. दंडवते समाजवादी होते, आपले नव्हते. पण माझ्या आईच्या पाठीला दोन इंच गादी देणारा माणूस म्हणून मी त्यांचं नाव विहारातही घेते.

तीच गीतांजली आजही कल्याणला थांबते. तिला आता एसीचे डबे आहेत. जनरलचे डबे टोकाला असतात, आणि तिथे गाडी यायच्या कितीतरी आधीपासून गाठोडी घेतलेली माणसं उभी असतात.